वहिनीवरची वही

जोगेश्वरी (पूर्व)
गुरुवार, दि. २० मार्च १९८६

ती. दादास,

रत्नाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत, आणि या वेळी ते लिहायची रीत आहे म्हणून लिहीत नाही. खरोखरच खुशाल आहोत. तुझं कसं चाललंय? कॅम्पातल्या जेवणाने तुझं पोट बिघडलं होतं ते आता ठीक आहे का?

नऊ नंबरच्या खोलीतले नाना रविवारी रजा संपवून मस्कतला परत निघालेत. त्यांच्या हाती आईने आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुका जवळा दिलाय. जवळा तिने तीन पिशव्यांत घट्ट बांधलाय, तरी नानांचे कपडे वास मारणारच. त्यांची बोलणी तू खा. हे पत्रही त्यांच्याच हाती देतेय. टपालाने धाडलं असतं तर पोचेपर्यंत पंधरा दिवस माझ्या जिवाला घोर लागला असता.

माझं प्रॅक्टिकल दहा तारखेला झालं. थिअरीचे पेपर एप्रिलमध्ये. ते झाले की बी.ए. संपलं. तुझ्या भाषेत, डॉक्टरीणबाई सुटल्या. रूपी आठ तारखेला तीन वर्षांची झाली. तू पाठवलेला फ्रॉक तिला गुडघ्याच्या खाली येतो, पण ती तो अंगातून काढूच देत नाही.

आता मुख्य बातमी. वहिनी इथेच आहे.

तू लिहिलं होतंस की वाढदिवसाला चार दिवस येऊन तिने रूपीला बघावं, परत देवगडला माहेरी जावं, आणि मेमध्ये तू रजेवर आलास की कायमचं काय ते ठरवशील. ते चार दिवस कधीच संपले. तिचा भाऊ न्यायला आला होता, त्याला आम्ही रिकाम्या हाताने परत पाठवला. तुझा शब्द मोडला. रागावण्याआधी पुढचं वाच. दादा, वहिनीला वेड लागलेलं नाही. तिच्या मनाला काही झालेलं नाही. तिला ऐकू येत नाही.

एवढंच आहे. आता हे लिहिताना छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटतंय. कान बरे होतात. मोठ्या डॉक्टरांनी तपासलंय, ऑपरेशनची तारीख एप्रिलच्या शेवटी मिळालीय. सगळं नीट सांगते.

आमच्या प्रॅक्टिकलची एक गंमत असते. परीक्षेला जाताना प्रत्येकाने आपापला माणूस बरोबर न्यायचा, ज्याच्यावर प्रयोग करून दाखवायचा. त्याला सब्जेक्ट म्हणतात. तो मानसशास्त्र शिकलेला नसावा, एवढीच अट. त्यामुळे त्या दिवशी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर कुणाची मावशी, कुणाचा दूधवाला, कुणाचा दुकानातून उठवून आणलेला काका असे सगळे नटूनथटून बसलेले असतात. मी चाळीतल्या जयंतीला ठरवलं होतं. आदल्या दिवशी तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. सब्जेक्ट नाही तर परीक्षा नाही. आईचे गुडघे धरलेले, तिला दोन जिने चढवणार कोण? घरात उरली वहिनी, दोन दिवसांपूर्वी गावाहून आलेली.

तिला न्यावं की नाही याचा मी विचार केला. खोटं कशाला सांगू, तिची कीव येऊन नव्हे. ती तिथे काहीतरी विचित्र वागेल आणि माझे मार्क जातील, ही भीती होती. पण वर्ष बुडण्यापेक्षा बरं, म्हणून तिला म्हटलं चल. तू पाठवलेली ती निळी नायलॉनची साडी नेसून ती निघाली. कुठे, कशाला, काही विचारलं नाही.

चिठ्ठीत मला प्रतिक्रियाकाल आला. म्हणजे काय, तर सब्जेक्टने बटणावर बोट दाबून बसायचं. समोरचा दिवा लागला की बोट उचलायचं. किती वेळ लागला ते घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवतं. असं वीस वेळा. मग दिव्याऐवजी बझर, तोही वीस वेळा. पुस्तक सांगतं की माणूस दिव्यापेक्षा आवाजाला लवकर बोट उचलतो. मधे लाकडी पडदा असतो, म्हणजे सब्जेक्टला आपले हात दिसू नयेत.

दिव्याला वहिनीने कमाल केली. तिचं बोट इतकं चपळ की बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई माझ्या टेबलाशी थांबून बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, चला, लाज राखली. मग बझर लावला. वहिनीचं बोट जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. पडद्याआडून मी दबक्या आवाजात दोनदा सांगितलं, "वहिनी, उचल ना." ती दिव्याकडे बघत बसलेली.

तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? बाई पुढच्या टेबलाकडे वळल्याचं बघून रकान्यात आकडे लिहिले. १६२, १५८, १७१. पुस्तकात येतात तसे. आमच्यात हे सर्रास चालतं, जर्नल पुरं करायला सगळीच पोरं असे मनाने आकडे भरतात. चौथा लिहायला घेतला तर बाई मागे उभ्या.

"बोट उचललेलं मी पाहिलं नाही. हे आकडे कुणाचे?"

मी म्हटलं, "बाई, त्या मनाने जरा बऱ्या नाहीत."

बाई वहिनीच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हातातला कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा खाली फरशीवर टाकला. अख्ख्या प्रयोगशाळेने माना वळवल्या. एक वहिनी सोडून. ती दिवा कधी लागतो याची वाट बघत होती.

मग बाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "ऐकू यायचं कधीपासून कमी झालं?"

वहिनीने आधी माझ्याकडे बघितलं. चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. म्हणाली, "चेडू झाला तेव्हापासून." रूपी झाली तेव्हापासून, दादा. तीन वर्षं.

"मग घरात का नाही सांगितलं?"

"बहिरी सून कोणाक व्हयी? परत धाडतले म्हणान भियालंय."

परत पाठवतील म्हणून ती घाबरली, आणि आम्ही तिला परतच पाठवली. हे मला तिथे, त्या टेबलाशी उभ्या उभ्या समजलं. बाईंनी माझे तीन आकडे लाल पेनने खोडले आणि सांगितलं, बझरच्या रकान्यात वीस वेळा 'प्रतिसाद नाही' असं लिहा. मी लिहिलं. नापास करतील की पास, देव जाणे. निघताना त्यांनी एका कागदावर कानाच्या डॉक्टरांचं नाव लिहून माझ्या हातात दिलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तिका आयकाक येणा नाय आणि आमी तिका पिशी ठरवली?" मग उठून वहिनीसमोर गेली, तिची हनुवटी धरून आपल्याकडे केली आणि मोठ्याने म्हणाली, "जेवलंस?" त्या दिवसापासून आई तिच्याशी असंच बोलते. अख्ख्या मजल्याला कळतं आमच्या घरात आज काय शिजलंय.

डॉक्टरांनी एक लोखंडी चिमट्यासारखं वाजवून तिच्या कानासमोर धरलं, तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटलं. तेच कानामागच्या हाडावर टेकवलं तर तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "घुमता." कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते जाम झालंय, आवाज पुढे जात नाही. बाळंतपणानंतर बायकांत हे वाढलेलं दिसतं म्हणे. आतली नस चांगली आहे, म्हणून ऑपरेशनचा उपयोग होईल. आधी उजवा कान, मग डावा. पुढे त्यांनी विचारलं, "गोंगाटात उलट बरं ऐकू येतं का?" वहिनी पटकन म्हणाली, "होय. गुणाजीच्या गिरणीत."

दादा, तुला आठवतंय का मी काय लिहिलं होतं? जुलैच्या पत्रात. "घरात आमच्याशी तोंड उघडत नाही, पण गुणाजीच्या पिठाच्या गिरणीत दळण टाकायला गेली की तासभर बायकांशी गप्पा मारते. म्हणजे बोलता येतं, आमच्याशी बोलायचं नाही." त्याला मी पुस्तकातलं एक भलंमोठं नावसुद्धा दिलं होतं. गिरणीच्या धडधडाटात सगळ्याच बायका ओरडून बोलतात, आणि वहिनीच्या कानाला तो धडधडाट आमच्याएवढा टोचत नाही. जगात तेवढी एक जागा होती जिथे ती इतरांच्या बरोबरीची होती.

उपयोजित मानसशास्त्राच्या पेपराला आम्हाला एक केस लिहायची होती. कुणा एका माणसाचं निरीक्षण करून, नोंदी ठेवून, निष्कर्ष काढायचा. मी वहिनीवर लिहिली. वहीत तिचं नाव 'श्रीमती व.' बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. हाक मारली तर ओ देत नाही. स्वतःशीच हसते. नवऱ्याने भरून पाठवलेली टेप सगळे ऐकतात, तेव्हा ही टू-इन-वनमधल्या फिरत्या चक्रांकडे निर्विकार बघत बसते. मला वीसपैकी अठरा मार्क मिळाले, वर्गात सगळ्यांत जास्त. अर्ध्या हळकुंडाने माणूस किती पिवळा होतो ते बघ.

आणि ती वही सुरू का केली, तेही सांगून टाकते. एस.वाय.चा निकाल लागला, मला फर्स्ट क्लास मिळाला, तेव्हा मी धावत घरी आले. आई बाजारात गेली होती. वहिनी मोरीत पाठमोरी भांडी घासत होती. मी दारातूनच ओरडून सांगितलं. तिने मागे वळूनही बघितलं नाही. आपल्या घरात बी.ए.पर्यंत पोचलेली मी पहिली, आणि हिला त्याचं काही नाही. मला फार लागलं. त्याच दिवशी मी पहिली नोंद केली. शास्त्रबिस्त्र नंतर आलं, आधी रुसवा होता.

इथवर लिहून पत्र बंद करावं असं वाटतंय. तुला कळायला हवं ते सगळं कळलं, वहिनी घरात आहे, मे महिन्यात तू येशील, सगळं गोड होईल. आई म्हणते लवकर झोप. पण ऑगस्टच्या पत्रातलं ते एक वाक्य राहिलंय.

"ती मुलीला बांधून ठेवते."

ते वाचून तू आईला लिहिलंस की गणपती झाल्यावर वनमालाला माहेरी पाठवा, रूपीला तिच्या हाती देऊ नका. तुझं चुकलं नाही. परदेशात बसलेल्या कुठल्याही बापाने तेच केलं असतं. पण मी काय बघितलं होतं ते पूर्ण लिहिलं नव्हतं. दुपारी रूपीला घेऊन वहिनी आडवी व्हायची, तेव्हा परकराची नाडी रूपीच्या पायाला सैलशी बांधायची. आणि नाडीचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. हे दुसरं टोक मला दिसलं होतं, दादा. स्पष्ट दिसलं होतं. वहीतही ते नाही आणि तुझ्या पत्रातही नाही. ते लिहिलं असतं तर केस नीट बसत नव्हती. पुस्तकातल्या कुठल्याच बाईच्या मनगटाला दुसरं टोक नव्हतं. बझरच्या रकान्यात तीन आकडे भरले तसंच मी हेही केलं, फक्त तिथे माझ्या मागे कुणी उभं नव्हतं.

तू आईला कुणाचं नाव कळवलं नाहीस. नुसतं "मला सगळं समजलं आहे" एवढंच लिहिलंस. त्यामुळे वहिनीला आजवर वाटतं की आईने तुझे कान भरले. आईला वाटतं मस्कतला कुणीतरी चहाडी केली. वहिनी परत आल्यापासून मी दोघींच्या मधे बसून जेवतेय.

रविवारच्या आत वहिनीला सांगायचं आहे. ते सांगितल्यावरच हे पत्र पुरं करीन.

शनिवार, दि. २२

सांगितलं.

आई रूपीला घेऊन गुंफांकडच्या देवीला गेली होती. वहिनीला मी खिडकीशी, उजेडात बसवलं. ओठ वाचणाऱ्या माणसाला कबुली देणं किती कठीण, ते तुला नाही कळायचं. मान खाली घालून बोलायची सोय नाही, तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सोय नाही. तिच्याकडे बघून, एकेक शब्द फोडून म्हणावं लागलं, "दादाला मी लिहिलं होतं. आईने नाही."

तिने कपाळाला आठी घातली. म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं. वहीचं आणि नाडीचंही सांगितलं. दुसऱ्या टोकाचंही.

ती म्हणाली, "ती वही दी."

वही देऊन मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आत यायची हिंमत होईना. तासाभराने तिने हाक मारली. बावीस पानं तिने वाचली होती आणि रूपीच्या पाटीशेजारी पडलेली शिसपेन्सिल घेऊन समासात लिहिलं होतं. तुला ठाऊक आहे तिचं अक्षर, शाळा सातवीत सुटली पण मोत्यासारखं. 'स्वतःशीच हसते' याच्यापुढे: 'रूपी माझ्या पदराला गाठी मारत होती.' टेपच्या नोंदीपुढे: 'चक्र फिरते तोवर ते बोलत आहेत एवढे कळायचे.' निकालाच्या दिवसापुढे: 'मला कळले नाही. संध्याकाळी पेढे बघून कळले. तेव्हा उशीर झाला होता.' आणि जिथे मी 'मुलीला बांधून ठेवते' लिहिलंय तिथे: 'रडली तर ऐकू येत नसे. ती उठून जिन्याकडे गेली तर नाडी ओढली जाईल म्हणून.'

दादा, बावीस पानांची केस चार ओळींत सुटली. तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन वर्षं मी माणसाचं मन शिकले आणि घरातल्या माणसाला एकदाही समोर बसून विचारलं नाही, तुला काय होतंय गं?

मी रडले. तिने रडू दिलं, उगाच जवळबिवळ घेतलं नाही. मग म्हणाली, "सहा म्हयने माजा चेडू माका वळखीना झाला. ता तू भरून देऊचं नाय." मी म्हटलं, नाही देऊ शकत. ती म्हणाली, "मगे आवशीक सांग. आजच." आई देवीहून परत आली तशी तिला मी लगेच सांगितलं. आईने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग आम्हा तिघींनाही हसू यायला लागलं, का ते विचारू नकोस. रूपीही हसली, तिला काही कळलं नाही तरी. आज दुपारी ती वहिनीजवळ झोपली होती. नाडी बांधावी लागली नाही, मीच बाजूला बसून राहिले.

मला हलकं वाटतंय. इतकं की याचीही लाज वाटते.

तुला दोन गोष्टी सांगायच्या. ऑपरेशन होईपर्यंत टेप पाठवू नकोस, पत्र लिही. आणि ते आईच्या किंवा माझ्या नावावर नको, वहिनीच्या नावावर लिही. माझ्याबद्दल काय लिहायचं ते मला वेगळं लिही, मी वाचीन. मला आता डॉक्टरीणबाई म्हणू नकोस. कधी खरंच त्या योग्यतेची झाले तर वहिनीच सांगेल.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी तिच्या हातात देतेय. तिच्याबद्दल आता या घरातून काही जाईल ते तिने वाचल्याशिवाय जाणार नाही, असं आमचं ठरलंय. आमच्या जर्नलवर शेवटी सही लागते, तशी.

तुझी धाकटी बहीण,
रत्नप्रभा

वाचले. बरोबर आहे. जवळा आईंनी नाही, मी बांधला.
मेमध्ये याल तेव्हा समोर बसून बोला.
— वनमाला